सेप्सिस आणि तुटपुंज्या साधनांतले उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'रक्तात इन्फेक्शन पसरलंय' असं डॉक्टर म्हणाले. सेप्सिस म्हणजे तेच का?

बहुतेक वेळा डॉक्टरांना तेच सांगायचं असतं, पण शब्द थोडे फसवे आहेत. सेप्सिसमध्ये रक्तात जंतू सापडलेच पाहिजेत असं नाही. संसर्ग फुप्फुसात असेल, लघवीच्या मार्गात असेल, पोटात असेल, नाहीतर पायाच्या चिघळलेल्या जखमेत असेल. त्याच्याशी लढताना शरीराचं ताळतंत्र सुटतं आणि आपलेच अवयव निकामी होऊ लागतात. लघवी कमी होते, रक्तदाब घसरतो, माणूस गुंगीत जातो. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी जी व्याख्या ठरवली, तिचा गाभा हाच आहे: संसर्ग अधिक अवयवांना धोका. पुरेसं सलाईन देऊनही रक्तदाब सावरत नाही आणि तो टिकवायला औषध चालू ठेवावं लागतं, तेव्हा त्याला सेप्टिक शॉक म्हणतात.

बोलताना आपण 'जखम सेप्टिक झाली' म्हणतो, म्हणजे जखमेत पू झाला. तो सेप्सिस नव्हे. पण त्याच जखमेनंतर माणसाला धाप लागली, तो असंबद्ध बोलू लागला, तर मात्र सेप्सिसचा विचार लगेच करायला हवा.

एवढा गंभीर आजार, मग त्याचं नाव आपल्या कानावर का येत नाही?

कारण मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा न्यूमोनिया, जुलाब, ताप किंवा नुसतं 'हृदयक्रिया बंद पडून' असं लिहिलेलं असतं. त्या सगळ्यांच्या तळाशी असलेला सेप्सिस मोजला जात नाही. २०२० च्या जानेवारीत 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने तो पहिल्यांदा जगभर नीट मोजायचा प्रयत्न केला. २०१७ या एका वर्षात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यातले सुमारे १ कोटी १० लाख गेले, असा तो अंदाज होता. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे एक. यातलं जवळजवळ ८५ टक्के ओझं गरीब आणि मध्यम स्थितीतल्या देशांवर होतं आणि ४० टक्क्यांहून जास्त रुग्ण पाच वर्षांखालची मुलं होती. भारतासाठीचा अंदाज सुमारे २९ लाख मृत्यूंचा होता.

त्याआधी २०१७ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने सेप्सिसवर ठराव करून सगळ्या देशांना त्याकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. ठराव झाला हे बरंच झालं. पण रोग कुठे होतो आणि त्यावरचं संशोधन कुठे होतं, यांतलं अंतर आजही मोठं आहे. उपचारांचे बरेचसे नियम अशा रुग्णालयांत तयार झाले जिथे एका सिस्टरकडे एक-दोन रुग्ण असतात. आमच्या वॉर्डात रात्रपाळीला एक सिस्टर तीस-चाळीस रुग्ण सांभाळते. या पानावरच्या बहुतेक प्रश्नांची मुळं त्या फरकात आहेत.

घरच्या घरी कशावरून ओळखायचं?

ताप हे एकटं लक्षण पुरेसं नाही. वयस्कर माणसात आणि तान्ह्या बाळात तर ताप न येता अंग गार पडतं. ताप किंवा कुठलाही संसर्ग असलेल्या मोठ्या माणसात पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका:

श्वास भराभर चालणं. मिनिटभर छातीकडे पाहत मोजा. २२ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका आहे.
बोलण्यात गोंधळ, बरळणं, सारखी झोप लागणं, ओळख न पटणं.
हातपाय गार आणि घामेजलेले, त्वचेवर निळसर-जांभळे चट्टे.
दिवसभरात लघवी अगदी थोडी किंवा नाहीच.

श्वास मोजायला मोबाइलवरचं घड्याळ पुरतं. पण ही खूण घरीच काय, दवाखान्यातही सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. केसपेपरवर प्रत्येकाच्या नावापुढे '२०' लिहिलेलं दिसलं, तर बहुधा कुणी मोजलेलं नसतं.

एक खुलासा: वरच्या खुणांपैकी काहीच दिसत नाही म्हणजे सेप्सिस नाही, असं समजू नका. 'हा नेहमीसारखा ताप नाही, याच्यात काहीतरी वेगळं आहे' असं घरच्या बाईला वाटत असेल, तर तिच्या त्या वाटण्याला डॉक्टरांनीही मान द्यावा. रुग्णाला रोज पाहणारी तीच असते.

आणि तान्ह्या बाळात?

बाळाने दूध ओढायचं सोडलं, ही पहिली खूण. मग रडणं क्षीण होणं, हातपाय लुळे पडणं, हलवल्याशिवाय हालचाल न करणं, अंग गरम किंवा गार लागणं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, झटके. पोट फुगणं आणि नाळेच्या जागी पू हेही पाहा. दोन महिन्यांखालच्या बाळात यातलं काहीही दिसलं तर आशाताईंना, एएनएमना (उपकेंद्रातल्या सिस्टरना) गाठा आणि निघा. ग्राइप वॉटर, घुटी, डाग (चटके) देणं यात गेलेला प्रत्येक तास बाळाच्या वाट्यातून जातो. डाग देण्याची चाल मेळघाटासारख्या भागात अजून आहे. रागावून ती थांबत नाही. त्या घरापर्यंत दुसरा काही उपाय वेळेत पोचला तरच थांबते.

तालुक्याच्या पातळीवर नेमकं अडतं कुठे?

लोकांना वाटतं व्हेंटिलेटर नाही म्हणून अडतं. खरं तर त्याच्या कितीतरी आधीच अडतं.

पहिली अडचण घरातून निघण्याची. घरातला कमावता माणूस कामावर, पैसे जवळ नाहीत, नाल्याला पूर. मग गावातल्या कुणाकडून एक इंजेक्शन आणि दोन गोळ्या घेतल्या जातात, ताप उतरतो आणि एक-दोन दिवस निघून जातात. ताप उतरला म्हणजे आजार हटला, हा भ्रम पॅरासिटामॉलने किती घरांत तयार केला असेल याची मोजदाद नाही.

मग टप्प्याटप्प्याने पुढे ढकलणं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालय, तिथून मेडिकल कॉलेज. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवी रांग, नव्याने तपासणी. आणि फार वेळा असं होतं की या तिन्ही-चारही ठिकाणी प्रत्येकाला वाटतं, अँटिबायोटिक पुढचे लोक देतील. रुग्ण मेडिकल कॉलेजात पोचतो तेव्हा आजारपणाचा तिसरा दिवस असतो आणि पहिला डोस अजून बाकी असतो.

वॉर्डात पोचल्यावर माणसांची कमतरता. सेप्सिसचा रुग्ण दर अर्ध्या तासाला पाहावा लागतो: श्वास, नाडी, बीपी, लघवी, शुद्ध. औषध एकदा देऊन भागत नाही. दिल्यानंतर काय झालं हे कुणीतरी पाहावं लागतं. यंत्रं देणगीतून येतात, पण रात्री तीन वाजता लघवी मोजणारा माणूस देणगीतून येत नाही. कोविडच्या काळात अनेक ठिकाणी ऑक्सिजनची सोय झाली, पल्स ऑक्सिमीटर आले, हे खरंच मोठं काम झालं. त्या यंत्रांची देखभाल आणि ती वापरणारे प्रशिक्षित हात टिकवणं हे काम उरलं आहे.

आणि तपासण्या. रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखणं), लॅक्टेट (अवयवांच्या रक्तपुरवठ्याची तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) या गोष्टी कुठे असतात, कुठे नसतात, कुठे फक्त दिवसा असतात.

पहिल्या तासात अँटिबायोटिक द्यायचं म्हणतात. आमच्याकडे मोठ्या दवाखान्यात पोचायलाच तीन तास लागतात. मग काय करायचं?

पहिला डोस निघण्याआधी मिळायला हवा. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर एका तासात, आणि शॉक नसून नुसती शंका असेल तर झटपट तपासण्या करून तीन तासांच्या आत अँटिबायोटिक द्यावं. हा तास रुग्ण ज्या पहिल्या दवाखान्यात ओळखला जातो तिथून मोजायचा आहे. तिथे सेफ्ट्रिॲक्सोन, अँपिसिलिन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं सहसा असतात. ॲलर्जीची विचारपूस करून डोस द्यावा, चिठ्ठीवर औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ लिहावी आणि मग १०८ ला बसवावं. कल्चरची सोय असेल तर रक्त आधी घ्यावं. सोय नसेल तर त्यासाठी डोस अडवू नये.

तान्ह्या बाळांसाठी हाच विचार एक पाऊल पुढे गेला आहे. आईबाप मोठ्या दवाखान्यात नेऊ शकत नसतील किंवा नेणारच नसतील, तर जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन असा उपचार गावाजवळच करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं. त्याआधी आफ्रिकेतल्या काही देशांत, बांगलादेशात आणि पाकिस्तानात यावर मोठे अभ्यास झाले होते. भारतात २०१४ पासून एएनएमला जेंटामायसिन देण्याची मुभा आहे.

सलाईन लावलं की माणूस उठून बसतो. मग डॉक्टर सलाईन द्यायला का कचरतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

श्रीमंत देशांतला नियम असा होता: सेप्सिसमध्ये रक्तदाब पडला की शिरेतून भराभर भरपूर द्रव द्यायचा. तर्क सरळ होता. रक्तवाहिन्या सैल पडल्या आहेत, त्या भरा. मुलांसाठीही तोच नियम जगभर शिकवला जात होता. मग युगांडा, केनिया आणि टांझानिया या तीन देशांत कॅथरिन मेटलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासून पाहिला. ताप आणि रक्ताभिसरण मंदावल्याच्या खुणा असलेली ३,१४१ मुलं या चाचणीत होती. काहींना भराभर सलाईन, काहींना भराभर अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण) आणि काहींना फक्त गरजेपुरता हळू द्रव. बाकीचे उपचार सगळ्यांना सारखे.

२०११ साली निकाल आला आणि जगभरच्या बालरोगतज्ज्ञांना तो पचायला जड गेला. ४८ तासांत भराभर द्रव दिलेल्या मुलांपैकी साधारण १०.५ टक्के दगावली होती. ज्यांना तो दिला नव्हता त्यांच्यापैकी ७.३ टक्के. चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवावी लागली.

पुढे झांबियात, लुसाकाच्या युनिव्हर्सिटी टीचिंग हॉस्पिटलमध्ये मोठ्या माणसांवर असाच अभ्यास झाला. २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. सेप्सिस आणि कमी रक्तदाब असलेल्या २०९ रुग्णांमध्ये, ठरावीक पद्धतीने लवकर आणि जास्त द्रव दिलेल्या गटात ४८.१ टक्के मृत्यू झाले, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटात ३३ टक्के. त्यातल्या बहुतेकांना एचआयव्ही होता आणि अनेक जण आधीच खंगलेले, रक्त कमी असलेले होते. द्रव जास्त झाल्यावर फुप्फुसं सावरायला लागणारा व्हेंटिलेटर आणि आयसीयूची खाट यांचाही तुटवडा होता. तोच उपचार जिथे ही सगळी सोय आहे तिथे कदाचित निभावून जातो, आणि जिथे नाही तिथे जिवावर बेततो.

याचा अर्थ सलाईन वाईट असा काढू नका. जुलाबांनी सुकलेल्या मुलाला द्रव हवाच. आफ्रिकेतल्या त्या चाचणीत जुलाबाची मुलं घेतलीच नव्हती. डेंग्यूच्या शॉकमध्येही द्रव हाच मुख्य उपचार, तोही मोजूनमापून. अर्थ एवढाच, की किती द्यायचं हे थोडं देऊन, पाहून, मग ठरवावं. पाच-दहा मिनिटांनी श्वास वाढला का, फुप्फुसात बुडबुड ऐकू येते का, यकृत खाली हाताला लागतं का, हे पाहायला रुग्णाशेजारी कुणीतरी उभं हवं.

आपल्याकडे सलाईन ही समाधानाची बाटली झाली आहे. अशक्तपणा आला, लावा सलाईन. नाही लावलं तर दवाखाना वाईट. तेव्हा डॉक्टर 'थांबा, आधी तपासू दे' म्हणाले तर त्यांना तेवढा वेळ द्या.

व्हेंटिलेटर नाही, लॅक्टेटची तपासणी नाही. मग लहान दवाखान्यात सेप्सिसवर उपचार होऊच शकत नाही का?

बराचसा होऊ शकतो. लॅक्टेट ही रक्ततपासणी अवयवांना पुरेसा रक्तपुरवठा होतोय का हे सांगते. तेच काम नखाचं टोक बऱ्यापैकी करतं. बोट दहा सेकंद दाबून धरायचं, सोडायचं आणि पांढरी पडलेली जागा पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचं. तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्ताभिसरण मंद आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांमधल्या २८ रुग्णालयांत लॅक्टेट आणि ही बोटाची पद्धत यांची तुलना झाली. २०१९ चा हा अभ्यास. बोट पाहून उपचार केलेल्या गटात २८ दिवसांत ३४.९ टक्के मृत्यू झाले, लॅक्टेटवर चाललेल्या गटात ४३.४ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या काट्यावर निर्विवाद ठरला नाही, पण फुकटची तपासणी महागड्या तपासणीपेक्षा कमी पडत नाही एवढं तरी त्यातून दिसलं.

ऑक्सिजनचंही तसंच. बांगलादेशात ढाक्याला मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी शांपूच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून, त्यात नळीचं टोक बुडवून, बुडबुड्यांच्या दाबावर मुलांची फुप्फुसं उघडी ठेवणारं साधन बनवलं. गंभीर न्यूमोनिया आणि ऑक्सिजन कमी असलेल्या मुलांवरच्या त्यांच्या चाचणीत साध्या कमी दाबाच्या ऑक्सिजनवर १५ टक्के मुलं दगावली, या साधनावर ४ टक्के. २०१५ साली हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. या ठिकाणी डॉक्टर आणि सिस्टर सतत लक्ष ठेवून होते, हे विसरून नुसती बाटली उचलली तर तो परिणाम मिळेलच असं नाही.

ज्याला खरोखर व्हेंटिलेटर लागतो, डायलिसिस लागतं, पोटातला पू शस्त्रक्रियेने काढावा लागतो, त्याला हलवावंच लागतं. पू कुठे साठलेला असेल तर तो काढल्याशिवाय कितीही भारी अँटिबायोटिक काम करत नाही. हे सांगावं लागतं, कारण 'ऑपरेशन नको, औषधावर बघू' असं म्हणत थांबलेली घरं मी पाहिली आहेत.

गडचिरोलीच्या प्रयोगाबद्दल खूप ऐकलं. तिथे नेमकं काय झालं?

१९९० च्या दशकात गडचिरोलीच्या खेड्यांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६० हून जास्त बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बाया. बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, तापमान घ्यायचं, श्वास मोजायचे, आईला उबेचं आणि दुधाचं शिकवायचं. आणि बाळात सेप्सिसच्या खुणा दिसल्या, आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर त्यांच्या संमतीने तिथेच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमॉक्सॅझोल द्यायचं.

खेड्यातल्या बाईच्या हातात तान्ह्या बाळासाठी सुई द्यायची, यावर तेव्हा वैद्यकीय वर्तुळात केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना करा. पण १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं होतं. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत होती. आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर २.८ टक्के.

पुढे २०११ पासून आशाताईंच्या घरभेटींचा जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला त्याची मुळं इथे आहेत. कार्यक्रमातल्या आशाताईंच्या हातात मात्र इंजेक्शन नाही. त्या ओळखतात आणि पाठवतात. माझं स्पष्ट मत असं, की ओळखणं आणि पहिला डोस यांच्यात जितकी माणसं आणि जितके किलोमीटर येतात, तितका या प्रयोगाचा गाभा पातळ होतो.

अँटिबायोटिक दिलं तरी गुण का येत नाही?

कधी निदानच वेगळं असतं, कधी पू अडकलेला असतो, आणि आता वरचेवर जंतू औषधाला दाद देत नाहीत. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान जन्मलेल्या बाळांचा अभ्यास झाला. सेप्सिसमध्ये सर्वांत जास्त सापडलेला जंतू ॲसिनेटोबॅक्टर होता आणि त्याच्या ८२ टक्के नमुन्यांवर अनेक प्रकारची औषधं निकामी ठरली. क्लेबसिएला या दुसऱ्या जंतूच्या बाबतीत ५४ टक्के. यातला मोठा भाग जन्मानंतर ७२ तासांच्या आतच आजारी पडला होता. म्हणजे हे जंतू बाळंतपणाच्या खोलीत आणि आसपासच होते, असं मानायला जागा आहे.

यातून पेच उभा राहतो. वेळेवर द्या म्हटलं तर शंका आली की द्यावं लागतं. सगळ्यांना भारी औषध दिलं तर ते औषध लवकरच मरतं. कल्चरची सोय यावरचा रस्ता दाखवते: दोन-तीन दिवसांत जंतू कळला की भारी औषध बदलून नेमकं त्याच जंतूवरचं देता येतं किंवा औषध थांबवता येतं. जिल्हा पातळीवर चोवीस तास चालणारी सूक्ष्मजीव प्रयोगशाळा मला आणखी दोन व्हेंटिलेटरपेक्षा जास्त मोलाची वाटते.

आपल्या हातातलं: मेडिकलमधून स्वतः मागून अँटिबायोटिक घेऊ नका, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, आणि दाखवायला जाताना आधी घेतलेल्या प्रत्येक गोळीचं रिकामं पाकीट बरोबर न्या.

पावसाळ्यात विदर्भात, कोकणात जे ताप येतात ते सेप्सिस असतात का?

त्यातले काही सेप्सिसपर्यंत जातात, आणि पुस्तकी पहिला डोस त्यांना लागू पडतोच असं नाही. स्क्रब टायफस हे ठळक उदाहरण. गवतातल्या सूक्ष्म किड्याच्या चाव्याने होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास त्याची साथ आली होती. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटचा चटका लागल्यासारखी काळी खपली दिसते, पण कपडे काढून पाहिलं तरच. त्याला सेफ्ट्रिॲक्सोन चालत नाही. डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन लागतं. गंभीर रुग्णांवरच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या चाचणीत ही दोन्ही एकत्र शिरेतून दिल्यावर गुंतागुंत जास्त आटोक्यात आली; मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही.

कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईने तो मोठ्या प्रमाणावर पाहिला. चिखलात काम, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, मग कावीळ आणि लघवी बंद. डॉक्टरांना आपण होऊन सांगा: शेतात होतो, पाण्यात होतो, गवत कापलं, घरात उंदीर आहेत. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ही माहितीच निम्मं निदान करते.

बाळंतपणानंतरचा संसर्ग अजूनही होतो का?

होतो. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. तो धडा अजून सगळीकडे पोचलेला नाही, कारण हात धुवायला आधी नळाला पाणी लागतं.

अलीकडचं मोठं काम सात देशांत झालं आणि त्यात नागपूर आणि बेळगावही होतं. प्रसूतीच्या कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनचा २ ग्रॅमचा एकच डोस तोंडाने. २९ हजारांहून जास्त स्त्रिया. २०२३ साली निकाल आला: आईचा सेप्सिस किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. बाळांना मात्र फायदा दिसला नाही. स्वस्त, साधा उपाय. पण सरसकट दिल्याने त्या औषधाची ताकद किती वर्षं टिकेल, हा प्रश्न त्याच्यासोबत येतोच.

बाळंतिणीला ताप, वास येणारा स्राव, पोटात दुखणं किंवा धाप असेल तर 'अंगावर दूध आलं म्हणून ताप' म्हणून सोडून देऊ नका.

सेप्सिस टाळता येतो का?

सगळा नाही, बराचसा. लसीकरण पूर्ण करा. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. मधुमेह असेल तर रोज रात्री पाय पाहा. नाळेला काही लावू नका, कोरडी ठेवा. नेपाळमध्ये नाळेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावून नवजात मृत्यू कमी झाले, पण झांबिया आणि टांझानियात तसा फायदा दिसला नाही, म्हणून ते जिथे आरोग्य विभाग सांगेल तिथेच. ओडिशात ४,५०० हून जास्त बाळांना आठवडाभर उपकारक जीवाणू आणि त्यांचं खाद्य तोंडाने देऊन सेप्सिस आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. आशा वाटावी असं काम आहे. त्या आधारे बाजारातली कुठलीही पुडी बाळाला देऊ नका.

खर्च झेपत नाही. काय करावं?

दाखल होतानाच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. नंतर कागद जमवायला जास्त त्रास होतो. डॉक्टरांना थेट विचारा: यातली कुठली तपासणी आज उपचार बदलणार आहे? हा प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. आणि पैसे संपले म्हणून मधेच घरी नेण्याआधी बोला. सरकारी रुग्णालयात हलवणं, तोंडाने घ्यायच्या औषधावर जाणं, असे मार्ग काही वेळा असतात.

रुग्ण बरा होऊन घरी आला. आता सुटलो ना?

अजून नाही. युगांडातल्या मुलांच्या अभ्यासात दिसलं, की संसर्गाने दाखल झालेली जितकी मुलं रुग्णालयात गेली, जवळजवळ तितकीच सुट्टी मिळाल्यावर पुढच्या सहा महिन्यांत गेली, आणि त्यातली बरीच घरीच. कुपोषण असलेली मुलं जास्त. मोठ्यांतही पुढचे काही महिने थकवा, विसराळूपणा, झोप न लागणं, परत संसर्ग होणं हे चालतं. घरचे म्हणतात आता आळस करतोय. तो आळस नसतो.

सुट्टीच्या दिवशी पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून घ्या. पहिल्या दोन आठवड्यांत एकदा तरी दाखवा. मूल असेल तर वजन करून घ्या आणि आशाताईंना सांगून ठेवा.

रेफर केलं तर निघताना काय काय मागून घ्यावं?

चिठ्ठीवर या गोष्टी आहेत का ते पाहा: दिलेल्या अँटिबायोटिकचं नाव आणि वेळ, सलाईन किती दिलं, निघतानाचा बीपी, श्वास, नाडी, ऑक्सिजन, शेवटची लघवी कधी झाली, संसर्ग कुठे असल्याची शंका आहे. पुढच्या रुग्णालयाला फोन करून खाट आहे का विचारायला सांगा. सिलिंडर प्रवासाला पुरेल एवढा भरलेला आहे ना, ते गाडी सुटण्याआधी विचारा. बाळ असेल तर आईच्या छातीला लावून, टोपी घालून, दोघांवर एक पांघरूण घेऊन न्या. आणि पोचल्यावर केसपेपर काढायच्या रांगेत उभं राहण्याआधी आत जाऊन एवढं सांगा: 'सेप्सिसची शंका आहे, श्वास इतका आहे, पहिला डोस इतक्या वाजता झालाय.'